डांगराला फेटा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., तेही वनस्पतिशास्त्र घेऊन. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो आणि सांगताना मला लाज वाटत नाही. माझ्या आजोबांनी आणि वडिलांनी जन्मभर मेंढरं वळली. वर्षातले आठ महिने दुसऱ्यांच्या रानात आणि चार महिने घरी. त्यांच्या घरात मी पानाच्या शिरांची इंग्रजी नावं घडाघडा म्हणणारा निघालो. पदवीच्या दिवशी भाड्याचा काळा झगा घालून काढलेला माझा फोटो आमच्या देवळीच्या बरोबर वर टांगलेला आहे. माझी माय रोज सकाळी देवांना हात जोडते, तेव्हा ते आपोआप मलाही जोडले जातात. त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

तर अशा शिकल्यासवरल्या माणसानं मायचं माहेरचं बियाणं तव्यावर भाजून, मीठ लावून खाल्लं. आता ही गोष्ट नीट सांगतो.

माय अंबडकडची. तिच्या आईनं मेंढरांमागं चालताना लुगड्याच्या पदराला गाठ मारून डांगराच्या बिया सांभाळल्या होत्या. डांगर म्हणजे तुमचा लाल भोपळा. पण बाजारात मिळतो तसला पाणचट नाही. आमचं डांगर बसकं, पाटासारखं, गडद हिरवं आणि वरून चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखं. कापलं की आतला रंग बघून हळद खाली मान घालील. त्याच्या घारग्यांना गूळ नावालाच लागतो. लग्न होऊन आली तेव्हा मायनं त्यातल्या मूठभर बिया आणल्या आणि तेव्हापासून दर वर्षी त्या लावल्या, वाळवल्या, राखेत घोळवून पुरचुंडीत बांधल्या आणि आढ्याला टांगल्या. माहेरी आता कुणी राहिलेलं नाही. मामा गेले, त्यांची मुलं पुण्याकडं गेली, घर पडलं. माहेरचं म्हणून मायजवळ जे काही आहे ते त्या पुरचुंडीत.

गेल्या दिवाळीत बहीण भाऊबीजेला आली म्हणून मायनं राखून ठेवलेलं डांगर कापलं. घारगे झाले. बिया धुऊन सुपात पसरून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, वाळत घातल्या. मला शाळेची सुट्टी होती. मी बदनापूरला एका शाळेत विज्ञान शिकवतो. सुट्टीत शिकलेल्या माणसाला रिकामं बसवत नाही. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं की रोज मूठभर डांगराच्या बिया खाल्ल्या तर हृदय मजबूत होतं. मी माळवदावर गेलो, मूठभर घेतल्या, तव्यावर भाजून मीठ लावलं. चव लागली. मग अजून मूठभर. मग म्हटलं, राहिल्या तरी किती?

दुपारी माय माळवदावरून मोकळं सूप घेऊन खाली आली.

"सुपातल्या बिया कुठं गेल्या रे?"

"मी खाल्ल्या," मी म्हणालो. "हृदयाला चांगल्या असतात."

मायनं सूप उजेडाकडं धरलं. विणीतून बोटं फिरवली. विणीत अडकलेल्या पाच बिया निघाल्या. त्या तिनं तळहातावर घेतल्या, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कुणाच्या हृदयाला?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला बसलो की माझ्या समोर बसून बायकोला सांगायची, "त्याला विचार, भाकर पाहिजे का." बायको विचारायची. मी बायकोला सांगायचो, "पाहिजे म्हणावं." असं चाललं.

त्याच सुट्टीत मी अजून एक शहाणपण केलं. अंगणातल्या लिंबाला, म्हणजे कडुलिंबाला, मोहोळ होतं. पोराबाळांचं घर, कुणाला चावलं तर काय, म्हणून मी माणूस बोलावून धूर करून ते काढून टाकलं. माय म्हणाली होती, "त्यांनी तुझं काय घेतलंय? राहू दे की." मी तिला सुरक्षिततेवर दहा मिनिटं समजावून सांगितलं. वाटीभर मध मिळाला, तो सर्दीला संपला. हे मोहोळाचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

संक्रांत झाली, थंडी मोडली, तशी मायनं पुरचुंडी काढून माझ्या हातात दिली. "या बारीला तू लाव. माझे गुडघे बसू देत न्हाईत. पाचच हायेत. तू शिकलेला हायेस."

मला त्यात टोमणा दिसला नाही. बायकोला दिसला.

मी लावल्याही अगदी शास्त्रशुद्ध. रात्रभर कोमट पाण्यात भिजवल्या, आळं केलं, लेंडीखत आणि राख मिसळली, दोन पेरं खोल एकेक बी सोडली. माय बाजेवर बसून बघत होती. म्हणाली, "जल्दी कर, बिया म्हाताऱ्या व्हतील."

पाचातल्या चार उगवल्या. एक रोप शेजारच्या काकूंच्या कोंबडीनं उकरून काढलं. आमच्या घरी आता मेंढरं नाहीत, पण दोन शेळ्या आहेत. पूर्वजांची आठवण म्हणून म्हणा. त्यातली थोरली एक दिवस दावं तोडून आली आणि मी धावत पोचेपर्यंत तिनं दोन रोपं एका घासात संपवली. मी तिला ओरडलो तर ती माझ्याकडं बघत शांतपणे रवंथ करत राहिली. वर्गात पन्नास पोरं सांभाळणारा मी, मला चार रोपं सांभाळता आली नाहीत. राहिला एक वेल. त्याच्याभोवती मी बाभळीच्या काट्यांचं असं कुंपण केलं की पहिले चार दिवस पाणी घालायला मलाच आत जाता येईना.

पाण्याची व्यवस्था मायनं आपल्या हातात ठेवली. आमच्याकडं नळ चौथ्या दिवशी येतो. प्यायचं पाणी वेलाला घालणं म्हणजे पापच. म्हणून मायनं न्हाणीतला दगड उचलून वेलाच्या आळ्याशेजारी आणला आणि फर्मान काढलं की घरातल्या पुरुषांनी, म्हणजे मी आणि येईल त्या पाहुण्यानं, आंघोळ इथं करायची. साबण तिनं लपवून ठेवला. "साबणानं वेल जळतो. अंग काय, घासलं की निघतं." फाल्गुनात सकाळच्या कोवळ्या उन्हात उघड्यावर आंघोळ करण्यात जे सुख आहे ते टाइल्सच्या बाथरूममध्ये नाही, हे मी शपथेवर सांगतो. वर लिंबाला नवी लाल पालवी, भिंतीवर चिमण्या, भिंतीपलीकडं काकूंच्या चुलीचा धूर आणि भाकरी थापल्याचा आवाज. फक्त साबण नव्हता.

होळीला बहिणीचे मालक, म्हणजे आमचे दाजी, आले. माय दारातच म्हणाली, "पाव्हणे, उन्हातून आलात. आंघोळ करून घ्या." त्यांनी केली. दुपारी ते पारावर जाऊन आले. "धूळ लागली असंल. अंगावर दोन तांबे घ्या." त्यांनी घेतले. संध्याकाळी होळीला जायच्या आधी माय पुन्हा गरम पाण्याची बादली घेऊन उभी. दाजी भला माणूस. पुन्हा दगडावर बसले. रात्री जेवताना मात्र त्यांनी मला हळूच बाजूला घेतलं. "खरं सांगा, माझ्या अंगाचा वास येऊन राह्यला का?"

वेल दाजींच्या तीन आंघोळींनी हातभर वाढला. पाडव्यापर्यंत तो शेळ्यांच्या पत्र्याच्या छपरावर चढला. पत्रा तापतो म्हणून मायनं त्यावर पऱ्हाट्या, कापसाच्या वाळल्या काड्या, पसरायला लावल्या. मग फुलं आली. बशीएवढाली पिवळी फुलं, पहाटे उमलायची आणि ऊन चढायच्या आत मिटायची.

"ही सगळी वांझ फुलं हायेत," माय खालून बघत म्हणाली.

"वांझ नाहीत माय, ती नर फुलं आहेत," मी म्हणालो.

"मंग फरक काय झाला?" बायको भांडी घासता घासता म्हणाली.

आठ दिवसांनी मादी फुलं आली. मादी फूल ओळखायला सोपं. पाकळ्यांच्या खाली लिंबाएवढं डांगर आधीच लागलेलं असतं. घरात आनंद झाला. पण दोन दिवसांत ते लिंबाएवढं डांगर पिवळं पडलं आणि गळलं. दुसरं आलं, तेही गळलं. तिसरं गळलं तेव्हा मायनं सगळ्यांना अंगणात उभं केलं.

"बोट कोण दाखवून राह्यलं?"

आमच्याकडं कोवळ्या डांगराला सरळ बोट दाखवत नाहीत. दाखवलं तर ते कुजतं. दाखवायचंच असेल तर बोट मधल्या पेरात मुडपून दाखवायचं, म्हणजे डांगराला कळत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. मी खुर्ची घेतली, मायला बाजेवर बसवलं आणि समजावून सांगितलं: नर फुलातले परागकण मादी फुलावर पडले तरच फळ धरतं, नाहीतर ते गळतं, बोटाचा काही संबंध नाही. मायनं सगळं मन लावून ऐकलं. तिच्यासारखा विद्यार्थी मला वर्गात एकही मिळालेला नाही.

"बराबर हाय," ती म्हणाली. "पर मंग आजपावतर कसं धरायचं? आपून तर कधी काही केलं न्हाई."

"मधमाश्या करायच्या. त्या या फुलावरून त्या फुलावर जातात ना, त्यांच्या अंगाला पराग लागतात."

"असं व्हय." माय लिंबाच्या झाडाकडं बघायला लागली. "मंग त्या मधमाश्या कुठं गेल्या रे?"

बायकोनं भांडं खाली ठेवलं. आपल्याला पुढचं एकही अक्षर चुकू नये म्हणून ठेवलं असणार.

"आपण करू ना आता," मी म्हणालो. घाबरलो की माझं बोलणं आपोआप गावचं होतं. "त्याला काय लागतंय माय, मी करतो ना. हातानं बी व्हतंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे, उन्हाळ्याची सकाळची शाळा असल्यानं मला सहाला निघायचं होतं, म्हणून पावणेसहालाच मी शिडी लावून छपरावर चढलो. एक नर फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या काढून टाकल्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलात हळूच टेकवला. हे काम नाजूक आहे. श्वास धरून करावं लागतं. आणि नेमका तेव्हाच भिंतीपलीकडून आवाज आला.

"काय करून राह्यले सर?"

शेजारच्या काकू. माझा जन्म यांनी पाहिला, मला लंगोटातही पाहिलं, पण मी मास्तर झाल्यापासून त्या मला सर म्हणतात. त्या 'सर' म्हणाल्या की समजावं, आज आपली काही खैर नाही.

"काही न्हाई काकू. परागीभवन करतोय."

"म्हंजे?"

"या फुलातली पिवळी भुकटी त्या फुलाला लावायची. मग फळ धरतं."

काकूंनी भिंतीवर हात टेकून थोडा विचार केला. "म्हंजे लगीन लावून राह्यला."

"तसं नाही काकू..."

"न्हाई कसं? नवरा आणला, नवरीजवळ नेला. अन् काय राह्यलं? मुहूर्त कोणाला विचारला?" मग घराकडं तोंड करून काकांना हाक मारली, "अहो, ऐकलं का! सर डांगराचं लगीन लावून राह्यले. अक्षदा आणा!"

काकांनी खरोखर मूठभर ज्वारी आणून भिंतीवरून फेकली. ज्वारी छपरावर पडली आणि काकूंच्या चार कोंबड्या भिंतीवरून उडून तिच्या मागं आल्या. पुढचा अर्धा तास मी एका हातानं वेल धरून आणि दुसऱ्या हातानं कोंबड्या हाकलत होतो. बस चुकली. शाळेत पोचलो तेव्हा माझ्या शर्टाला आणि बोटांना सगळा पिवळा पराग. एका सहकाऱ्यानं विचारलं, "सर, हळद कुणाची होती?" मी म्हणालो, "डांगराची."

त्या आठवड्यात मी घरून निघालो की पारावरची माणसं विचारायची, "जेवण कवा हाय?" मी मान ताठ ठेवून चालत राहिलो. आणि डांगर धरलं! लिंबाचं पेरूएवढं झालं, पेरूचं नारळाएवढं झालं. हिरवं, तुकतुकीत, वर चुन्याचे शिंतोडे. माय रोज सकाळी पायरीवरून ते बघायची. तिची ती बघण्याची पद्धत मी ओळखतो. पदवीचा फोटो टांगला त्या दिवशी तिनं असंच बघितलं होतं.

इथं खरं तर मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण रविवारी मी शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना जेवायला बोलावलं. जेवण निमित्त, खरं तर डांगर दाखवायचं होतं. जेवण झाल्यावर त्यांना अंगणात नेलं आणि म्हणालो, "हे बघा. निसर्गानं केलेलं नाही हे. हे मी केलं." आणि सरळ, ताठ, खांद्यापासून निघालेलं बोट त्या डांगरावर रोखलं.

मागं बायको खोकली. मायनं कपाळाला हात लावला.

चौथ्या दिवशी डांगराच्या सालीवर एक टाचणीएवढा ठिपका दिसला आणि त्यातून डिंकासारखा थेंब आला. मला बघताक्षणी कळलं की ही फळमाशी. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. आठवड्यात डांगर एका बाजूनं मऊ पडलं. मी ते तोडलं, कापलं आणि आतल्या पांढऱ्या अळ्या मायसमोर धरल्या.

"ही बघ माय. फळमाशीच्या अळ्या. बोटाचा बिलकुल संबंध नाही. माशीनं केलंय."

मायनं अळ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"माशीला दाखवलं कोणी?"

मी अळ्यांसकट डांगर उकिरड्यावर नेऊन टाकलं.

आता चैत्र संपत आला होता. ऊन असं की दुपारी शेळ्याही सावलीतून हलत नव्हत्या. वेलाची बुडाकडची पानं करपायला लागली. माय म्हणाली, "जाऊ दे. एका साली न्हाई खाल्लं डांगर म्हणून काय व्हतंय? बाजारात मिळतंय की." तिनं मला असं सोडून देणं मला आवडलं नाही. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी शाळेच्या वह्या तपासत बसलो होतो. मायनं आढ्याला टांगलेली रिकामी पुरचुंडी काढली. ते फडकं धुतलं, पिळलं, दोरीवर वाळत घातलं. वाळल्यावर पुन्हा त्याला तशीच गाठ मारली, आत काही नसताना, आणि पुन्हा आढ्याला टांगलं. मी वह्यांमधून डोकं वर काढलं नाही. पण त्या दिवशी तपासलेल्या वह्यांमध्ये मी सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले, हे मला दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं.

वेलाच्या शेंड्याला एक मादी कळी होती. शेवटची. तिच्या मागं नवं काही दिसत नव्हतं. मी तिच्यावर डोळे ठेवून राहिलो. ज्या पहाटे ती उमलायची होती त्या पहाटे मी शिडी लावली तर काकू आधीच भिंतीशी उभ्या. मी मनात म्हटलं, झालं.

"सर, आज कोंबड्या डालून ठेवल्या हायेत," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "निवांत करा."

नर फूलही एकच होतं त्या दिवशी. मी श्वास धरून काम केलं. खाली उतरलो तेव्हा काकूंनी भिंतीवरून चहाचा कप पुढं केला. गावात राहण्याची जी काही गंमत आहे ती अशी आहे: जो माणूस आठवडाभर तुमची टर उडवतो, तोच ऐन वेळी कोंबड्या डालून ठेवतो.

डांगर धरलं. आता माशी. फळाला झाकायला पाहिजे होतं. मी वर्तमानपत्राची पिशवी करून घातली. ती थोरल्या शेळीनं भिंतीवर चढून, मान लांब करून ओढली आणि मजकुरासकट खाल्ली. बायकोची जुनी ओढणी घातली तर तिला एवढी भोकं की माशी बसमध्ये बसून आत आली असती. जाड कापडात डांगर उकडून निघालं असतं.

"पातळ पायजे," माय म्हणाली. "वारा आत गेला पायजे अन् माशी न्हाई गेली पायजे." मग जरा थांबून, "तुझा तो फेटा हाय ना?"

मी तिच्याकडं बघतच राहिलो.

मी पास झालो तेव्हा गावानं मारुतीच्या देवळापुढं माझा सत्कार केला होता. शाल, नारळ आणि गुलाबी फेटा. शाल पुढं पांघरली, नारळ फोडला, पण फेटा मी घडी घालून, प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्या टाकून लोखंडी कपाटात ठेवला होता. तो मी कुणाच्या लग्नात दिला नाही. मागायला आलेल्या दाजींनाही दिला नाही.

"तो?" मी म्हणालो.

"पातळ हाय. लांब बी हाय."

मी रात्रीपर्यंत विचार करत होतो की तिच्या म्हणण्यात शास्त्राच्या दृष्टीनं काही चूक सापडते का. सापडली नाही. सकाळी मी कपाट उघडलं.

माय गुडघ्यांची पर्वा न करता शिडीच्या चार पायऱ्या चढली. खालून मी धरली होती. आधी तिनं डोक्यावर हंडा घेताना ठेवायची आपली चुंबळ डांगराखाली सरकवली, म्हणजे पत्र्याचा चटका बसू नये. मग पिशवीतून फेटा काढला, झटकला आणि हलक्या हातानं, देठापासून सुरुवात करून, पीळ देत देत गुंडाळला. शेवटी एक छोटा तुरा सोडला. तुऱ्याची काही गरज नव्हती. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यापेक्षा तो डांगराला नीट बसला होता.

"अन् हे पण," म्हणत तिनं माझी जुनी डावी चप्पल दोरीनं छपराच्या कोपऱ्याला बांधली. नजर लागू नये म्हणून.

भिंतीवर काकूंचं डोकं वर आलं. त्यांनी छपराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "नवरदेव झ्याक दिसून राह्यला, सर. तुमच्याहून उजवा."

"दिसणारच," मी म्हणालो, "आमच्या घरचा आहे." आणि त्यांना दाखवायला हात वर केला तर माझं बोट मधल्या पेरात आपोआप मुडपलेलं होतं.

साल कडक झाल्यावर मायनं फेटा सोडला. तोवर त्याचा गुलाबी रंग उन्हानं उडाला होता आणि एका टोकाला वेलाच्या रसाचा काळपट डाग पडला होता. मी तो धुऊन, घडी करून पुन्हा कपाटात ठेवला आहे. डाग गेला नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. फुलाचा धडा आला. मी फळ्यावर डांगराचं मादी फूल काढलं, खालचं छोटं डांगरही काढलं आणि पोरांना दाखवायला लागलो. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, तुमचं बोट दुखतंय का?" मी म्हणालो, "हो, जरा लागलंय." विज्ञानाच्या तासाला मी खोटं बोलत नाही सहसा.

देठ वाळल्यावर एका रविवारी डांगर उतरवलं. मायनं ते स्वतःच्या हातानं कापलं. आतला रंग बघितला आणि बिया सोडवायला घेतल्या. त्या धुतल्या आणि सुपात पसरून माळवदावर ठेवल्या. चिमण्यांसाठी बायको काठी घेऊन बसली. चिमण्यांसाठी असं ती म्हणाली. पण मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा काठी माझ्याकडं वळली.

चार दिवसांनी बिया वाळल्या. मायनं त्या नखानं दाबून निवडल्या. भरलेल्या बियांचे तीन वाटे केले. एक बहिणीला, एक काकूंना, एक आपल्याला. काकूंचा वाटा भिंतीवरून देताना म्हणाली, "तू बी लाव गं. सगळं एकाच घरात ठेवायचं न्हाई आता. आमच्या घरात शिकलेलं माणूस हाय."

"ते तर हाय," काकू म्हणाल्या.

आपला वाटा तिनं राखेत घोळवून त्याच धुतलेल्या फडक्यात बांधला आणि आढ्याला टांगला. जरा उंच, माझा हात पोचणार नाही इतका. पोचट निघालेल्या बिया बाजूला राहिल्या होत्या. त्या घेऊन ती चुलीजवळ गेली. थोड्या वेळानं मी बाजेवर पेपर वाचत होतो तिथं तिनं एक वाटी आणून ठेवली. पोचट बिया, भाजून, मीठ लावून.

"घे," ती म्हणाली. "हृदयाला चांगल्या असतात."

आत काहीच नव्हतं. मी टरफलासकट सगळ्या खाल्ल्या.